पुराचा नकाशा आणि पाण्याची खोली

ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ वादळ अलिबागेजवळ किनाऱ्यास लागलें, ता. १७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ मुंबईसमोरून गुजराथेकडे गेलें. अशा वेळीं आकाश ढगांनीं झांकलेलें असलें तरी युरोपचा सेंटिनेल-१ उपग्रह रडारनें पाण्याचें चित्र घेऊं शकतो. संथ पाणी रडारचे किरण दुसरीकडे फेंकतें, म्हणून चित्रांत तें काळें दिसतें. विद्या थोर खरी. परंतु आमच्या भाईंदरच्या बाजूस हा काळेपणा पारखून घेतला पाहिजे. मिठागरांत पाणी मुद्दाम घेतलेलें असतें, आषाढांत भाताच्या खाचरांतहि तें असावयाचेंच. उलट तिवरांखालीं शिरलेलें पाणी पुष्कळदां दिसतच नाहीं. वादळापूर्वींचें चित्र शेजारीं ठेवल्याखेरीज पूर कोणता व मिठागर कोणतें, हें कळणें नाहीं.

खोली तर चित्रांत नसतेच. पाण्याच्या पातळींतून जमिनीची उंची वजा घालून ती काढावी लागते. आणि आमचीं खाजणें इतकीं सपाट कीं, उंचींत हातभर फरक पडला तर सारा हिशेब बुडाला!

शेतकऱ्याचें नुकसान मात्र खोलीवर व दिवसांवर ठरतें. वसईच्या खाडीस भरती असली म्हणजे उल्हास नदीचें पाणी तुंबतें. गोडें पाणी लवकर निघालें तर भात तगतें. खारें राहिलें तर जमीनच नासते. पंचनाम्यांत ‘शेत पाण्याखालीं’ एवढें लिहून भागत नाहीं, हें महसुली दप्तरांत उमर घालविलेल्या माणसाचें मत आहे. पाणी किती चढलें, किती दिवस राहिलें, गोडें कीं खारें, हें सर्व्हे नंबरागणिक नोंदलें जावें. भिंतीवरची गाळाची रेघ पुढच्या सरीनें धुऊन जाते. ती ओसरत्या पाण्यांतच मोजून तारखेनिशीं तलाठ्याकडे द्यावी.