सहलीची होडी आणि पैलतीराची होडी

उजनीच्या जलाशयावर दोन प्रकारच्या होड्या चालतात. पहिली होडी इंदापूर तालुक्यातील कुंभारगाव, डिकसळ, भिगवण या काठावरून थंडीच्या दिवसांत पहाटे निघते. तिच्यात पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी असतात, गळ्यात दुर्बिणी आणि कॅमेरे असतात, आणि त्यांना रोहित पक्ष्यांचे थवे पाहावयाचे असतात. दुसरी होडी कळाशीहून कुगावला किंवा कुगावहून कळाशीला जाते. तिच्यात बाजाराची पिशवी, दवाखान्यात न्यावयाचे मूल आणि माहेरी निघालेली लेक असते. क्वचित एखादी मोटरसायकलही असते. पहिल्या होडीच्या विकासासाठी शासनाकडे आराखडे आहेत. दुसऱ्या होडीची शासनाला आठवण होते ती ती बुडाल्यावर.

२१ मे २०२४ च्या सायंकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. दोन लहान मुलांसह सहा जण बुडाले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला पाचारण करण्यात आले आणि मृतदेह हाती येईपर्यंत नातेवाईक काठावर बसून राहिले. मंत्री आले, अधिकारी आले, मदत जाहीर झाली. परंतु ही माणसे भर उन्हाळ्यात, वळवाच्या दिवसांत, त्या होडीत बसली तरी का, या एका प्रश्नाचे उत्तर देण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

ते उत्तर शोधण्यासाठी पन्नासहून अधिक वर्षे मागे जावे लागते. भीमा नदीवरील या धरणाचे काम १९६९ मध्ये सुरू झाले आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठविणारा हा जलाशय पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. त्याच्या पोटात नदीकाठची काळी जमीन गेली, गावठाणे गेली, देवळे गेली. पळसदेवचे जुने मंदिर दुष्काळात पाणी ओसरले की आजही वर येते आणि वृत्तपत्रे त्याची छायाचित्रे कौतुकाने छापतात. परंतु धरणाने आणखी एक गोष्ट बुडविली आणि तिचे छायाचित्र कोणी काढू शकत नाही. ती म्हणजे दोन काठांमधील वाट. उन्हाळ्यात जी नदी पायउतार होती तिचा विस्तीर्ण सागर झाला. सोयरीक, शेती, बाजार ज्या पैलतीराशी जोडलेले होते, तो पैलतीर एकाएकी परमुलूख बनला. सडकेने जावयाचे तर डिकसळकडचा किंवा टेंभुर्णीकडचा वळसा. म्हणून माणसे होडीत बसतात. हौसेने नव्हे, धरणाने त्यांची वाट बुडविली आणि राज्याने दुसरी दिली नाही म्हणून.

शिरसोडी ते कुगाव या पुलाला मंजुरी मिळाली, हे योग्यच झाले. परंतु धरण भरल्यानंतर चार दशकांनी मिळालेला पूल हा उपकार नव्हे. ती थकलेल्या देण्याची फेड आहे, आणि तीही व्याजाशिवाय. शिवाय एका पुलाने सर्व काठ जोडले जात नाहीत. ज्या गावांच्या वाट्याला पूल येणार नाही, त्यांच्यासाठी होडी हीच एस. टी. आहे. मग एस. टी.ची जशी तपासणी होते, चालकाला जसा परवाना लागतो, उताऱ्यांची संख्या जशी ठरलेली असते, तसा काही बंदोबस्त या होडीसाठी का नसावा?

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. १९१७ च्या इंग्रजी अमदानीतील कायद्याच्या जागी संसदेने २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा केला. यंत्राने चालणाऱ्या जलयानांची नोंदणी, त्यांची तपासणी, विमा आणि चालविणाऱ्याची पात्रता या सर्व गोष्टी त्यात आहेत; बिनयंत्राच्या होड्यांचीही नोंद घेण्याची व्यवस्था त्यात सांगितली आहे. उणीव कायद्याची नाही, दृष्टीची आहे. प्रवासी पैसेवाला असला की होडी हा 'व्यवसाय' ठरतो आणि त्याच्या सुरक्षिततेचा विचार सुरू होतो. प्रवासी कळाशीचा शेतमजूर असला की तीच होडी 'अनधिकृत' ठरते, आणि अपघाताचा दोष त्याच्याच धाडसावर टाकला जातो.

अर्थात सहलीची होडीही सुरक्षित नाही. ३० एप्रिल २०१७ रोजी इंदापूर तालुक्यातील अजोतीजवळ सहलीला निघालेल्या डॉक्टरांची होडी उलटली आणि त्यांतील चौघे बुडाले. मृत्यूने तेथे शिक्षण पाहिले नाही की मिळकत पाहिली नाही. २०१७ च्या त्या दुर्घटनेने शासनाला जाग आणावयास हवी होती. साधी जीवरक्षक जाकिटे, वाऱ्याच्या दिवशी होड्या थांबविणारा एक जबाबदार माणूस, काठावर एक बचावाची होडी, एवढी व्यवस्था उभी करण्यास कोणत्याही महामंडळाची गरज नव्हती. सात वर्षांनी त्याच पाण्यात सहा बळी गेले.

या पार्श्वभूमीवर उजनीच्या जलपर्यटनाची चर्चा ऐकावी लागते. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या पर्यटन आराखड्यात उजनीच्या जलपर्यटनाला स्थान मिळाले आहे. पुणे जिल्ह्याच्या काठावर पक्षिनिरीक्षणामुळे भिगवणचे नाव केव्हाच सर्वदूर गेले आहे. तेव्हा प्रश्न पर्यटन येणार की नाही हा नाही. ते आलेच आहे. प्रश्न ते कोणाच्या हातात राहणार, हा आहे.

अशा पर्यटनाची पुढची पायरी कोणती असते, हे पाहावयाचे असेल तर कॅरिबियन समुद्रातील बेटांकडे पाहावे. तेथे एका दिवसासाठी आख्खी बोट भाड्याने घेण्याचा मोठा धंदा चालतो. सकाळी हॉटेलच्या धक्क्यावर बोट लागते. कप्तान, खाणे, पिणे, पोहण्याचे साहित्य सर्व तयार असते. बेटाला वळसा घालून, निर्जन उपसागरांत डुंबून पाहुणे सायंकाळी परत येतात. त्यांना बेट दिसते ते पाण्यावरून, बाहेरून. बेटावरचा माणूस दिसतो तो कप्तान म्हणून किंवा वाढपी म्हणून. जमैकामध्ये १९५६ च्या किनारा नियंत्रण कायद्याने किनाऱ्यावरील हक्क सरकारकडे गेले, समुद्रावर जाण्याचा सर्वसाधारण हक्क नागरिकाला उरला नाही, आणि हॉटेलांच्या भिंती उभ्या राहिल्या तसा तो आपल्याच बेटावर परका झाला. बार्बुडा या चिमुकल्या बेटावर जमीन सामाईक होती; २००७ च्या कायद्याने ती परंपरा मान्यही केली होती. २०१७ च्या चक्रीवादळात सारे बेट रिकामे करावे लागले, आणि लोक परतून घरे सावरीत असतानाच तो कायदा बदलण्यात आला. श्रीमंतांच्या वसाहतींना वाट मोकळी झाली. ज्यांच्या पूर्वजांनी गुलामगिरीत त्या भूमीवर घाम गाळला, त्यांनाच आपला किनारा मागावा लागतो, याहून विपर्यास तो कोणता?

उजनी आणि कॅरिबियन यांत अंतर आहे, परंतु प्रक्रिया एकच आहे. प्रथम पाण्याचे 'सौंदर्य' शोधले जाते. मग काठाला किंमत येते. मग धक्का बांधला जातो आणि धक्क्याला फाटक लागते. फाटकावर तिकीट येते, आणि काल जो तेथून जाळे घेऊन पाण्यात उतरत होता त्याला पहारेकरी विचारतो, तू कोण? ठेकेदारीचा हा मार्ग शासनाच्या अंगवळणी पडलेला आहे. वाळूचा लिलाव, तलावाचा ठेका, टोलनाका. सार्वजनिक वस्तू घ्यावयाची आणि बोली लावणाऱ्याच्या हवाली करावयाची. उद्या उजनीच्या लाटांचाही लिलाव झाला तर नवल वाटावयास नको.

याला उत्तर म्हणून काही भाबडे कार्यकर्ते म्हणतात, पर्यटनच नको. ही श्रीमंतांची चैन आहे. ही भूमिका दिसावयास कडवी असली तरी ती चुकीची आहे. कुंभारगावच्या काठावर पक्षी दाखविण्याचा धंदा कोणा भांडवलदाराने उभा केलेला नाही. तो मासे धरणाऱ्या तरुणांनी उभा केला आहे. पक्षी कोणत्या उथळ पाण्यात उतरतात, कोणत्या वाऱ्यात कोठे सरकतात, हे ज्ञान त्यांचे आहे. पुस्तकी पक्षिशास्त्रज्ञही त्यांच्याच होडीत बसून शिकतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून या जलाशयात येते. पूर्वीचे मासे घटले आणि जाळ्यात चिलापीच अधिक येऊ लागली. अशा वेळी सहलीच्या होडीने कित्येक घरांत हंगामापुरती चूल पेटती ठेवली आहे. ती होडी हिरावून घेणे म्हणजे समाजवाद नव्हे. ती होडी चालविणाऱ्याच्या मालकीची राहील आणि तिचा धक्का सर्वांना मोकळा राहील, हे पाहणे म्हणजे समाजवाद.

दुसऱ्या बाजूने विकासवादी मंडळी विचारतात की सुरक्षित बोटी, प्रशिक्षित चालक, विमा यांसाठी भांडवल लागते, ते या दरिद्री कोळ्या-भोयांनी कोठून आणावे? त्यापेक्षा एखादी कंपनी येऊ द्या, ती यांनाच नोकरी देईल. हा युक्तिवाद नीट पारखून घ्यावा. पाणी अडविण्यासाठी भांडवल राज्याने घातले. जमीन शेतकऱ्याने घातली. वाट, गाव, देऊळ लोकांनी घातले. रस्ता आणि वीज पुन्हा राज्यच देणार. कंपनीने काय घालावयाचे? चार बोटी! आणि चार बोटींच्या बदल्यात तिने जलाशयाचा काठ न्यावयाचा व मूळ मालकाला पगारावर ठेवावयाचे! चार बोटींपुरते कर्ज जिल्हा बँक देऊ शकत नसेल, तर बारामती आणि इंदापूरच्या पट्ट्यात सहकाराचा एवढा डांगोरा तो कशासाठी?

दुसरा मार्ग अशक्य नाही, हे मध्य प्रदेशात सिद्ध झाले आहे. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील तवा धरणाच्या विस्थापित आदिवासींनी, केसल्याच्या समाजवादी कार्यकर्त्यांच्या साथीने लढा दिला आणि १९९६ मध्ये जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळविला. तवा मत्स्य संघ या त्यांच्या सहकारी संस्थेने ठेकेदाराशिवाय मासे धरले, विकले आणि शासनाला स्वामित्वधनही दिले. पुढे २००६ नंतर व्याघ्र प्रकल्पाच्या नावाखाली हा हक्क चालू ठेवला गेला नाही. या कहाणीतून दोन धडे मिळतात. बुडालेल्या माणसाला बुडविणाऱ्या पाण्यावर पहिला हक्क मिळू शकतो. आणि संघटना सैल पडली किंवा सरकारची मर्जी फिरली की तो जाऊही शकतो. म्हणून तो मर्जीवर नव्हे, कायद्यावर उभा असला पाहिजे.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या या मुलखात सहकार हा शब्द नवा नाही. आणि सहकाराच्या नावाने मूठभर घराण्यांची सत्ता कशी उभी राहते, हेही येथील कार्यकर्त्याला कोणी शिकवावयास नको. तेव्हा उजनीच्या काठावर होडीवाल्यांची संस्था उभी राहताना सभासद कोण, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे. जो वल्हे मारतो, जाळे टाकतो, ज्याचे गाव बुडाले, तो सभासद. ज्याची फक्त वजनदार ओळख आहे तो नव्हे. पदाधिकाऱ्यांच्या यादीत होडी न चालविणाऱ्यांची नावे दिसू लागली की ती संस्था बुडाली असे समजावे.

पाणी सर्वांचे आहे, हा विचार महाराष्ट्राला परका नाही. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर तो बाबासाहेबांनी माणुसकीच्या हक्काच्या रूपाने मांडला. त्याआधी मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सत्तरच्या दशकात बाबा आढावांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही हाक देत गावे पालथी घातली आणि धरणग्रस्तांनाही संघटित केले; १९७६ चा पुनर्वसन कायदा त्या काळच्या लढ्यांच्या रेट्याशिवाय झाला नसता. त्या परंपरेचे नाव सांगणाऱ्यांनी उजनीच्या काठावरचा प्रश्न 'पर्यटनाचा' म्हणून सोडून देणे म्हणजे आपल्याच वारशाकडे पाठ फिरविणे होय.

कार्यकर्त्यांपुढील काम त्यामुळे स्पष्ट आहे. पैलतीरी जाणारी होडी ही सार्वजनिक वाहतूक आहे असे शासनाने मान्य करावे, आणि तिची तपासणी, जाकिटे, विमा यांचा खर्च प्रवाशाच्या खिशातून नव्हे तर धरणाच्या उत्पन्नातून करावा. सहलीच्या होड्यांचे परवाने प्रथम धरणग्रस्त आणि मासे धरणाऱ्यांच्या संस्थांना मिळावेत. कोणत्याही धक्क्याला फाटक लागू नये. पक्ष्यांना बुजविणाऱ्या वेगवान यंत्रबोटींना उथळ पाण्यात मज्जाव असावा. या मागण्या घेऊन कळाशी, गंगावळण, शिरसोडी, पळसदेव, कुंभारगाव आणि पलीकडच्या कुगाव, चिखलठाण येथे बैठका झाल्या पाहिजेत. आणि त्या दोन्ही काठांनी मिळून घेतल्या पाहिजेत. इंदापूर-बारामतीला पाणी गेले की सोलापूरने रस्त्यावर यावे आणि सोलापूरला सोडले की इंदापूरने, हा खेळ पुढाऱ्यांना सोयीचा आहे. होडीत बसलेल्या माणसाला दोन्ही काठ आपलेच असतात.

पुढच्या हिवाळ्यात रोहित पक्षी पुन्हा येतील, पाहुणेही येतील. त्यांचे स्वागतच असावे. परंतु त्यांच्यासाठी धक्का बांधावयास निघालेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि मंत्र्याला एक प्रश्न भर सभेत विचारला गेला पाहिजे: पाहुण्याच्या अंगावर जे जाकीट चढविणार आहात, ते कळाशीला उतरणाऱ्या मुलाच्या अंगावर केव्हा चढणार?