मायटोकॉन्ड्रियाच्या नावानं चांगभलं!

"मेंदूची बॅटरी उतरलीय, पेशी चार्ज करा." गेल्या काही महिन्यांत आपल्या तालुक्यात हे वाक्य मी चार वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. माल एकच. गोळ्यांचा डबा, वर मेंदूचं चकचकीत चित्र, आत कोएन्झाइम क्यू-टेन आणि काही जीवनसत्त्वं. घरातलं म्हातारं माणूस नावं विसरायला लागलं, रस्ता चुकायला लागलं की हा डबा दारात हजर. महिन्याला दीड-दोन हजारांचा चुराडा. विकणारा सांगतो, "अल्झायमर मायटोकॉन्ड्रिया बिघडल्यामुळे होतो. ही गोळी ते दुरुस्त करते. फॉरेनला सिद्ध झालंय."

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. म्हणून तर पुढची दोन खोटी वाक्यं लोकांना पचतात.

आधी खरं काय ते बघू. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे शाळेच्या पुस्तकातली तंतुकणिका, पेशीचं पॉवरहाऊस. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण जवळपास २० टक्के ऊर्जा एकटा खातो. मेंदूतल्या पेशींना लांबलचक तंतू असतात. तंतूच्या टोकाला एक पेशी दुसरीशी बोलते. तिथपर्यंत ही पॉवरहाऊसं रुळावरच्या डब्यांसारखी न्यावी लागतात आणि निकामी झालेली मोडीत काढावी लागतात. अल्झायमरमध्ये ही वाहतूकही अडते आणि मोडीचं कामही तुंबतं. पेशंटचा मेंदू साखर कमी जाळतो, हे पेट स्कॅनवर दिसतं.

२००४ साली स्वेर्डलो आणि खान या शास्त्रज्ञांनी मांडलं की वयानुसार आधी मायटोकॉन्ड्रिया थकतात आणि मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रथिन नंतर साचतं. संशोधनाचा बहुतेक जोर मात्र वर्षानुवर्षं अमायलॉइडवरच राहिला. ते साफ करणारी औषधं आता आलीत. आजाराचा वेग ती थोडा कमी करतात, गेलेली आठवण परत आणत नाहीत. त्यामुळे मेंदूतल्या पेशींचे मायटोकॉन्ड्रिया वाचवण्याचं संशोधन व्हायलाच हवं, त्यावर जास्त पैसा लागायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण संशोधनाची दिशा योग्य असणं वेगळं आणि दुकानातली गोळी लागू पडणं वेगळं.

डिमेबॉनचं उदाहरण घ्या. रशियातलं ॲलर्जीवरचं जुनं औषध. ते मायटोकॉन्ड्रियाला आधार देतं, असं मानलं जात होतं. २००८ साली तिथल्या १८३ पेशंटवरच्या चाचणीत निकाल इतके छान आले की 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. फायझरसारखी कंपनी मागे उभी राहिली. मग ५९८ पेशंटवर मोठी चाचणी झाली आणि २०१० मध्ये निकाल आला. औषध आणि नुसती साखरेची गोळी, फरक शून्य.

आता क्यू-टेन. अमेरिकेत अल्झायमरच्या पेशंटना ते १६ आठवडे देऊन पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. २०१२ साली निकाल छापला गेला. आजाराच्या खुणांमध्ये काही फरक नाही. त्याच चाचणीत दुसऱ्या गटाला ई आणि सी जीवनसत्त्व अधिक अल्फा लिपोइक ॲसिड दिलं होतं. त्या गटाची स्मरणशक्तीच्या परीक्षेतली घसरण उलट जास्त वेगाने झाली! "फायदा नाही झाला तर नाही, तोटा तर नाही ना" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

उंदरांवरचे प्रयोग आशादायक आहेत, कबूल. पण आपल्या घरात आजारी आहे ती आई, उंदीर नाही.

तो डबा हातात घेऊन नीट वाचा. बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं की हे औषधी वापरासाठी नाही. तसं छापणं बंधनकारकच आहे, कारण कायद्याच्या लेखी हे सप्लिमेंट अन्नात मोडतं. औषधाला बाजारात येण्याआधी गुण सिद्ध करावा लागतो, याला तशी परीक्षा नाही. मेंदूच्या विकारांवर औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून छापील कागदावर सगळं सोवळं. अल्झायमरचं नाव निघतं ते ओट्यावर, चहा पिताना, तोंडी. तोंडी वाक्याची पावती मिळत नाही.

पैसे गेले याचं मला कमी वाटतं. वेळ जातो, त्याचा राग येतो. विसरणारा प्रत्येक म्हातारा अल्झायमरचा नसतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेलं रक्त, यांनीही माणूस विसरतो. आणि यातल्या बहुतेकांवर उपचार आहेत. डबा संपायची वाट बघत सहा महिने गेले की बरा होऊ शकणारा माणूसही हातचा जातो.

यात आपला समाजही साळसूद नाही. "साठी बुद्धी नाठी" म्हणायचं, "म्हातारचळ लागलाय" म्हणून हसायचं आणि सगळा भार घरातल्या सुनेवर टाकायचा. देशात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. आणि मेंदूचे डॉक्टर बसतात शहरात. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

मग मेंदूतली पॉवरहाऊसं वाचवायची कशी? पेशीला साखर जाळायला ऑक्सिजन लागतो, तो रक्तातून येतो. वाढलेलं बीपी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतं. इंधनाचा रस्ताच बंद, तर पॉवरहाऊस काय करणार? चीनमध्ये ३२६ गावांतल्या सुमारे ३४ हजार लोकांवर ४ वर्षं प्रयोग झाला. निम्म्या गावांत गावपातळीवरच्या आरोग्य सेवकांनीच बीपीच्या गोळ्या दिल्या आणि पाठपुरावा केला. तिथे डिमेन्शियाचा धोका १५ टक्क्यांनी कमी झाला. निकाल २०२५ मध्ये आला. ना मोठं हॉस्पिटल, ना चकचकीत डबा. बीपीचं मशीन, स्वस्त गोळ्या आणि दारी येणारं माणूस.

ही तिन्ही आपल्याकडे आहेत. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरतात. त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? प्रश्न चांगला आहे. पण उत्तर "हो" आलं तर पुढे काय?

म्हणून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना माझे जाहीर प्रश्न. आपल्या तालुक्यात किती जणांनी "हो" सांगितलं? त्यातल्या कितींचं बी-१२ आणि थायरॉइड तपासलं? कितींना जिल्हा रुग्णालयात पाठवलं आणि तिथे त्यांना बघितलं कोणी? आकडे द्या, जसेच्या तसे इथेच छापतो. नाही मिळाले तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

आणि तुम्हाला एवढंच सांगणं. डबेवाला दारात आला तर त्याला म्हणा, "ही गोळी अल्झायमरवर चालते, असं लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून दे." तो चप्पल घालेल. मग तुम्हीही घाला आणि म्हाताऱ्या माणसाला घेऊन आरोग्य केंद्रात जा. बीपी आणि साखर तिथे फुकट बघतात.