मेंदूची चाचणी आणि मौनाचा अधिकार

माणूस रागावतो का, घाबरतो का, आठवतो कसे, या प्रश्नांची उत्तरे प्रारब्धाच्या आणि पूर्वजन्माच्या पोथ्यांत नसून मेंदूत शोधावी लागतात, हे विज्ञानाने सिद्ध केले. तथागत बुद्धांनी आत्मा नाकारला आणि मनाला केंद्रस्थानी ठेवले. त्यामुळे आम्हा बौद्धांना मेंदूच्या अभ्यासाचे भय वाटण्याचे कारण नाही. परंतु हे विज्ञान प्रयोगशाळेतून निघून पोलीस कोठडीत शिरते, तेव्हा ते कोणाच्या डोक्यावर चालवले जाणार, हा प्रश्न आम्हाला विचारावाच लागतो.

हा प्रश्न विचारण्यामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातील पंडितांनी कवट्या मोजल्या आणि गुन्हेगार जन्मतःच ओळखता येतो, असा सिद्धांत मांडला. इंग्रज सरकारने 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा करून संपूर्ण जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरविल्या. रिस्ले या अधिकाऱ्याने नाके मोजून जातींची उतरंड लावली. बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अशाच मोजमापांचा आधार घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही, हे दाखवून दिले. मोजपट्टी तीच, पण निष्कर्ष कोण काढतो यावर सारे अवलंबून असते.

आता मोजपट्टीची जागा यंत्राने घेतली आहे. 'बिऑस' नावाच्या चाचणीत संशयिताच्या डोक्यावर तारांची टोपी चढवतात. त्याने काहीच बोलायचे नसते. गुन्ह्यासंबंधीची वाक्ये त्याला ऐकवली जातात आणि मेंदूतील विद्युत लहरींवरून, ही घटना त्याने स्वतः अनुभवली आहे की नाही, हे ओळखल्याचा दावा केला जातो. 2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपींना जन्मठेप दिली. त्यात अशा चाचणीच्या अहवालाचाही आधार घेतला गेला आणि जगभर खळबळ उडाली. पुढे उच्च न्यायालयाने आरोपींना जामीन दिला. त्याच सुमारास बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धत शास्त्रीय नसल्याचे मत दिले होते.

आमचा आक्षेप साधा आहे. मेंदू काही टेपरेकॉर्डर नाही. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि ऐकलेल्या गोष्टीही तिच्यात मिसळतात. आठ-दहा दिवस कोठडीत ज्याला तीच ती कहाणी ऐकवली, दरडावून विचारली, त्याच्या मेंदूत ती कहाणी ओळखीची झालेली असणारच. मग यंत्राने नेमके काय पकडले? गुन्हा, की पोलिसांनी घातलेली भीती?

भीती मेंदूच्या कामावर कसा परिणाम करते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या संशोधिकांनी 2004 साली उत्तर प्रदेशातील शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. जात जाहीर केली नाही, तेव्हा दलित मुले सवर्ण मुलांच्या बरोबरीने चालली. सर्वांसमोर जात पुकारली, तेव्हा तीच मुले मागे पडली. मेंदू तोच, हात तेच. बदलली होती ती फक्त आजूबाजूची नजर. वर्तनाचे कारण शोधायला निघालेल्या विज्ञानाने या नजरेचीही तपासणी करायला नको काय?

सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही, असे बजावले. संविधानाचे कलम 20(3) कोणाही आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करू देत नाही. 2025 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले. तरीही आम्ही निर्धास्त नाही. 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात बोटांच्या ठशांबरोबर 'वर्तनविषयक वैशिष्ट्ये' हा शब्दप्रयोग घुसवला आहे. सही आणि हस्ताक्षर त्यात येतातच, पण मर्यादा तिथेच संपते असे कायद्यात कोठेही म्हटलेले नाही. ही नोंद 75 वर्षे जतन करता येते.

देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत आणि त्यांत अनुसूचित जातींचे प्रमाण लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त आहे, हे सरकारचीच 2022 ची आकडेवारी सांगते. वकील करण्याची ऐपत नसलेल्या, रात्रभर मार खाल्लेल्या पोराची 'संमती' ही कसली संमती?

म्हणून कार्यकर्त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. चाचणीला नकार देणे म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. संमती द्यायचीच असेल, तर ती वकिलाचा सल्ला घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यासमोरच नोंदवली गेली पाहिजे. पोलीस ठाण्यात कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ नये. ही माहिती वस्तीवस्तीतील बुद्धविहारांत, रविवारच्या वंदनेनंतर पोहोचली पाहिजे.

मेंदूचा अभ्यास जरूर व्हावा, आमच्या मुलांनी तो करावा, त्यात संशोधक व्हावे. पण ज्या समाजाला शतकानुशतके बोलू दिले नाही, त्याला संविधानाने बोलण्याचा अधिकार दिला आणि गप्प राहण्याचाही. हे दोन्ही अधिकार आम्ही कोणत्याही यंत्राच्या स्वाधीन करणार नाही.

जय भीम!