घरच्या लंगरची बारी

सध्या मुक्काम सिकंदराबाद. लडाखचा फिल्ड टेन्युअर संपवून इथे पीस पोस्टिंग मिळालं आणि सतरा वर्षांच्या नोकरीत दुसऱ्यांदा बायको-मुलांसह एका छताखाली राहण्याचा योग आला. फेब्रुवारीत गावाकडे आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मला सुट्टी नव्हती, मुलांच्या परीक्षा तोंडावर होत्या, म्हणून सौभाग्यवती एकटीच साताऱ्याला गेली. नऊ दिवस मी, बारा वर्षांची लेक आणि आठ वर्षांचे चिरंजीव.

मी बिनधास्त होतो. लंगर कमांडर म्हणून एकशेवीस जणांचं रेशन सांभाळलंय. डाळीला किती तेल, भाजीला किती मीठ, बडा खान्याला किती किलो चिकन, हे झोपेत विचारलं तरी सांगेन. दोन पोरांचं जेवण म्हणजे काय मोठी गोष्ट?

पहिल्या संध्याकाळी मीठ सापडलं नाही. सगळे डबे उघडून झाले, शेवटी चिरंजीवांनी ओट्याखालची बरणी दाखवली. माझ्याच घरातलं मीठ कुठे ठेवतात, हे मला माझ्या मुलाने सांगितलं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. लेकीने फर्माईश केली, "पप्पा, हॉट डॉगचे रोल करूया." म्हणजे हॉट डॉगमध्ये घालतात ते सॉसेज, त्याला मैद्याच्या पिठाची पट्टी गुंडाळायची आणि एअर फ्रायरमध्ये भाजायचं. अमेरिकेत याला मजेने ‘पांघरुणातली डुकरं’ म्हणतात. आमच्याकडे चिकनचे सॉसेज होते, त्यामुळे डुकरं फक्त नावाला. एअर फ्रायर दिवाळीत कँटीनमधून आणलेला. त्याला मी तोवर हातही लावला नव्हता.

मी म्हटलं, "तू बस अभ्यासाला, मी करतो." पीठ मळलं, फुगायची वाट न बघता जाड पोळी लाटली, फ्रीजरमधले सॉसेज तसेच गुंडाळले आणि आठच्या आठ रोल बास्केटमध्ये ठासून बसवले. तापमान दोनशेवर, वेळ पंधरा मिनिटं. वास सुटला तेव्हा उघडून बघतो तर वरून काळं, खालून पांढरं, मध्ये कच्चं पीठ आणि सॉसेज आतून गार.

लेक दारात उभी होती. हसली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. मम्मीची शाळा उशिरा सुटते तेव्हा मीच करते ना आमच्या दोघांचं."

मित्रांनो, मी तीन वर्षं फोनवर रोज विचारत होतो, "जेवलीस का?" ती रोज "हो" म्हणत होती. ते जेवण कोण बनवतंय, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्या दिवशी माझी लेक उस्ताद झाली आणि मी रिक्रूट. तिने जे शिकवलं ते इथे लिहितो, कारण हा पदार्थ नवशिक्यासाठी उत्तम आहे. तापलेलं तेल नाही, फोडणी नाही, आणि चूक कुठे झाली ते लगेच दिसतं.

पाव किलो मैदा, एक छोटा चमचा ड्राय यीस्ट, एक चमचा साखर, अर्धा चमचा मीठ, दोन मोठे चमचे तेल आणि लागेल तसं कोमट दूध, साधारण दीडशे मिली. दूध कोमटच हवं. बोटाला चटका बसेल इतकं गरम झालं तर यीस्ट मरतं. आठ-दहा मिनिटं चांगलं मळा आणि ओल्या फडक्याखाली ठेवून द्या. सिकंदराबादच्या उन्हाळ्यात पाऊण तासात दुप्पट होतं, थंडीत दीड-दोन तास लागतील. घड्याळाकडे नाही, पिठाकडे बघायचं.

सॉसेज पूर्ण वितळू द्या, पाकिटावर लिहिलंय तसे आधी शिजवून घ्या आणि फडक्याने अगदी कोरडे पुसा. ओलं सॉसेज आतून वाफ सोडतं आणि पीठ चिकट राहतं, माझी पहिली चूक ती होती. पोळी पातळ लाटून दोन बोटं रुंदीच्या आठ पट्ट्या कापा आणि पायाला क्रेप बँडेज बांधतो तशा तिरक्या गुंडाळा. पण ताणू नका, पीठ फुगायला जागा लागते. दोन्ही टोकं उघडी ठेवा. वरून दूध किंवा फेटलेलं अंडं लावा, तीळ भुरभुरा.

आता यंत्राबद्दल. नाव फ्रायर असलं तरी त्यात काही तळलं जात नाही. ती वरती कॉइल आणि पंखा असलेली छोटी भट्टी आहे. गरम हवा प्रत्येक रोलच्या चारी बाजूंनी फिरली तरच तो भाजला जातो. मी बास्केट ठासून भरली आणि हवेची वाटच बंद केली. एका वेळी चार रोल, मध्ये बोटभर अंतर. १८० अंशांवर तीन मिनिटं रिकामा तापवा, मग दहा-बारा मिनिटं भाजा, सातव्या मिनिटाला उलटा. आणखी एक, जुन्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांसाठी. हे यंत्र साधारण १५०० वॅट खेचतं, म्हणजे साडेसहा अँपिअर. साध्या ५ अँपिअरच्या सॉकेटला आणि एक्स्टेन्शन बोर्डला लावू नका, गीझर किंवा फ्रीजचं मोठं सॉकेट वापरा.

दुसरी खेप सोनेरी निघाली. चिरंजीवांनी तीन खाल्ले.

हे सगळं मी आमच्या गावच्या एका निवृत्त सुभेदार काकांना फोनवर कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, "फौजी माणूस आणि हे बायकी उद्योग? आणि तेही असलं इंग्रजी खाणं?" काकांना मी फार मानतो. पण दोन्ही गोष्टी मला पटल्या नाहीत.

आधी इंग्रजी खाण्याचं. पिठात काहीतरी गुंडाळून शिजवायचं हे गोऱ्यांनी आपल्याला शिकवलेलं नाही. पलटणीत बिहारच्या जवानांनी निखाऱ्यावर लिट्टी भाजून खाऊ घातली, हिमाचलवाल्यांनी सिड्डू, गोरखा भाईंनी मोमो. इथे सिकंदराबादच्या बेकऱ्यांत संध्याकाळी एग पफसाठी गर्दी असते. सॉसेजऐवजी पनीरची पट्टी, मसाला लावलेला बटाटा किंवा सुका खिमा घाला, तोच रोल आपला होतो. उलट तसा केलेलाच बरा. सॉसेज हे मीठ आणि टिकाऊपणाची द्रव्यं घातलेलं मांस आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये अशा प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवलंय. महिन्यातून एखादा रविवार ठीक, रोजच्या डब्यात नको. घरात अगदी लहान मूल असेल तर सॉसेज आधी उभं चिरून बारीक करा, गोल तुकडा घशात अडकतो.

आता बायकी उद्योगाचं. काका, पोस्टवर कोण करत होतं? लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथेच पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि आपल्या पोस्टी त्याहून उंचावर. कुकरशिवाय डाळ शिजत नाही, कणिक मळताना हात बधिर होतात. कुक नसलेल्या पोस्टवर बारी लागायची. आज तू कणिक, तू बर्फ वितळव, तू भांडी. हवालदार असो की शिपाई, कुणालाही त्यात कमीपणा वाटला नाही. पुऱ्या गोल झाल्या की टाळ्या पडायच्या. मग तोच माणूस सुट्टीवर घरी आला की पाट मांडून बसतो आणि पाणीसुद्धा हातात मागतो, हे कुठल्या रेजिमेंटचं दस्तूर?

आपण म्हणतो, दोन महिने तर घरी असतो, पाहुणचार होऊ द्या. इथेच चुकतं. पाहुणा म्हणून येणारा माणूस पेन्शनवर आला तरी पाहुणाच राहतो. आपल्यातले कितीतरी जण चाळिशीच्या आतबाहेर घरी येतात. पुढे तीस-चाळीस वर्षं काढायची असतात, त्याच घरात, जिथे मीठ कुठे आहे ते ठाऊक नसतं.

मागच्या सुट्टीत गावात एका निवृत्त हवालदारांना भेटायला गेलो होतो. पत्नी वर्षापूर्वी गेल्या, मुलगा पुण्याला. हा माणूस मशिनगन डोळ्यांवर पट्टी बांधून जोडायचा. आता सकाळी चहा-बिस्किट, दुपारी स्टँडवरचा वडापाव, रात्री कुणी डबा दिला तर तो. साखर वाढलेली, पायाची जखम भरत नाही. मला म्हणाले, "अरे, ती होती तोवर कधी गॅस पेटवला नाही. आता शिकायची लाज वाटते." तेव्हा मी नुसती मान हलवली होती. नऊ दिवस घर सांभाळल्यावर त्या वाक्याची भीती वाटायला लागली आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. सेवेत असा की पेन्शनवर, घरातही बारी लावा. ‘बायकोला मदत’ म्हणून नको. मदत करणारा थकला की निघून जातो, बारीवाला जात नाही. आठवड्यातले दोन दिवस आपले. रोलपासून सुरुवात करा, पिठल्यापासून करा, कशापासूनही करा. आणि शिकवायला पोरं असतील तर त्यांच्याकडून शिका. तुम्ही नसताना घर कसं चाललं, ते त्यांच्याइतकं नीट कुणी सांगणार नाही.

सौभाग्यवती परत आली त्या संध्याकाळी आम्ही खिम्याचे रोल केले. तिने एक खाल्ला, दुसरा उचलला आणि लेकीला म्हणाली, "छान झालेत गं." लेक म्हणाली, "मी फक्त बघत होते."

आता बुधवार आणि रविवार माझी बारी आहे. फ्रीजवर कागद लावलाय, सही लेकीची.

जय हिंद.