गुगल फॉर्म पाठवला म्हणजे संशोधन झालं?

आखाडा बाळापूरच्या एखाद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘दोन मिनिटं काढून फॉर्म भरा’ असा मेसेज आला, तर भरणार कोण? ज्याच्या हातात स्मार्टफोन आहे, तो. हळदीच्या रानात राबणारी बाई, साधा फोन वापरणारे आजोबा गणतीतच नाहीत. प्रबंधात मात्र छापलं जातं, ‘ग्रामीण भागाचं मत’!

ही चूक इंटरनेटपेक्षा जुनी. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ने सुमारे २४ लाख उत्तरं गोळा करून लँडन जिंकणार असं सांगितलं. जिंकले रूझवेल्ट. उत्तरं ढीगभर होती, पण देणारे साऱ्या मतदारांसारखे नव्हते.

यूजीसीने २०१९ मध्ये पीएचडीसाठी संशोधन-नीतीचा ३० तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्यात वाङ्मयचौर्य आहे, जर्नल्स आहेत. ऑनलाइन सर्वेक्षणासाठी वेगळा भाग नाही. ब्रिटनच्या लेस्टर विद्यापीठाने यासाठी प्रशिक्षणाची वेबसाइटच तयार केली होती. हिंगोली जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो, त्या नांदेडच्या विद्यापीठाला मराठीत हे करता येईल.

फक्त ‘इतक्यांनी कोर्स पूर्ण केला’ या आकड्यावर खूश होऊ नये. कोर्सच्या आधी आणि नंतर विद्यार्थ्याकडून एकेक फॉर्म बनवून घ्या. दोन्ही बाळापूरच्या बसस्टँडवर अनोळखी माणसांना वाचून दाखवा. कुठल्या प्रश्नावर लोक अडतात, ते तिथंच कळेल.