सात दिवसांत बेटाची प्रदक्षिणा

प्रवास म्हणजे पाहिलेल्या स्थळांची गणती, अशी समजूत आमच्या सुशिक्षित वर्गांत खोल रुजली आहे. आगगाडीच्या प्रवासांत ती हास्यास्पद ठरते. समुद्रावर ती प्राणांशीं गांठ घालते. आमच्या एका लंडनस्थ स्नेह्यांनीं शिडाची नौका भाड्यानें घेऊन, बायकामुलांसह सात दिवसांत भूमध्यसमुद्रांतील कॉर्सिका बेटाला प्रदक्षिणा घालण्याचा बेत केला आहे व त्याचें टिपण मोठ्या उत्साहानें आमच्याकडे धाडलें आहे. आज या खाडींत नांगर, उद्यां त्या बंदरांत भोजन! टिपणांत सर्व कांहीं आहे; वाऱ्याला मात्र जागा ठेवलेली नाहीं.

प्रथम साधा हिशेब पाहूं. बेटाची दक्षिणोत्तर लांबी १८३ किलोमीटर. उपसागरांचीं वळणें सोडून दिलीं तरी जाऊन येऊन सुमारें २०० समुद्री मैल, म्हणजे ताशीं ५ मैलांनीं ४० तास. भाड्याची नौका बहुधा शनिवारीं सायंकाळीं ताब्यांत येते व शुक्रवारीं सायंकाळीं बंदरांत परत आणावी लागते. उरले सहा दिवस. रोज जवळजवळ सात तास चालत राहिलें पाहिजे, आणि तेंही वारा मनासारखा असेल तर! तो समोरून आला कीं नागमोडी जावें लागतें व दहा मैलांचे चौदा मैल होतात. शिवाय अर्धी प्रदक्षिणा झाल्यावर पुढें जाणें व मागें फिरणें सारखेंच लांब. अशा वेळीं नौका परत करण्याची तारीख डोक्यावर असली, म्हणजे शहाणा माणूसही नको त्या वाऱ्यांत शीड उभारतो.

हवामानाचे अंदाज आतां खिशांतल्या यंत्रावर मिळतात, असें यावर उत्तर येईल. मिळतात खरे, परंतु १८ ऑगस्ट २०२२ रोजीं सकाळीं कॉर्सिकावर ताशीं २२० किलोमीटरांहून अधिक वेगाचे झोत आले, पांच माणसें दगावलीं, कित्येक नौका किनाऱ्यावर फेंकल्या गेल्या, आणि धोक्याची नारिंगी सूचना निघाली ती वादळ येऊन थडकल्यावर! हा प्रसंग विरळा म्हणून सोडून दिला, तरी बेटाच्या दक्षिणेस बोनिफासियोची सामुद्रधुनी आहेच. कॉर्सिका व सार्डिनिया या डोंगराळ बेटांमधल्या चिंचोळ्या वाटेंत वारा अधिकच जोर धरतो. तेथेंच, लावेझी बेटांवर, १८५५ च्या फेब्रुवारींत क्रिमियाच्या युद्धावर सैन्य नेणारी ‘सेमियांत’ ही फ्रेंच युद्धनौका फुटली आणि सुमारें ७०० माणसांतला एकही वांचला नाहीं. ते खलाशी कांहीं सुटीवर निघालेले हौशी नव्हते.

घाईचें पाप समुद्रतळासही भोंवतें. या किनाऱ्याच्या उथळ पाण्यांत पोसिडोनिया नांवाच्या वनस्पतीचीं कुरणें आहेत. तीं माशांच्या पिलांना आसरा देतात व वाळू धरून ठेवतात; वाढतात मात्र वर्षाला कांहीं सेंटिमीटर. फ्रान्समध्यें या वनस्पतीला १९८८ पासून कायद्याचें संरक्षण आहे. दिवसाउजेडीं पोंचणाऱ्यास पाण्याखालची पांढरी वाळू व काळसर कुरण यांतला भेद दिसतो. आंधार पडतां पडतां धांवत येणारा जेथें सांपडेल तेथें नांगर टाकतो आणि कित्येक वर्षांची वाढ एका रात्रींत उपटतो.

मग जाऊंच नये काय? अवश्य जावें, पण प्रदक्षिणेचा हट्ट सोडून. आजाक्सियोहून निघावें, दक्षिणेस प्रोप्रिआनोपर्यंत जावें, वारा राजी असेल तर बोनिफासियो गांठावें, नसेल तर आनंदानें मागें फिरावें. दोन दिवस कोऱ्या कागदासारखे मोकळे ठेवावे. दुपारींच नांगर टाकून मुलांना पाण्यांत सोडावें. घरीं परतल्यावर कोणी ‘सबंध बेट कां पाहिलें नाहीं?’ असें विचारलेंच, तर खुशाल सांगावें कीं बेट कोठें पळून जात नाहीं; मुलें तेवढीं सुखरूप परत आणावयाचीं होतीं.