मालकी ग्राहकाची, किल्ली कंपनीची

२०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. २०१९मध्ये मिळालेल्या या यंत्रांची रॅम अवघी २ जीबी. केंद्र सरकारचे ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप त्यांना पेलत नव्हते. हमीची मुदत संपलेली आणि दुरुस्तीचा भुर्दंड मानधनावर राबणाऱ्या बाईच्या माथी, अशी सेविकांची तक्रार होती. या आंदोलनात कामाच्या अटींइतकाच महत्त्वाचा दुसरा एक प्रश्न दडलेला होता. तो यंत्रावरील सत्तेचा.

ती रॅम वाढवता आली असती काय? नाही. टेबलावरच्या संगणकातील रॅमची पट्टी काढून मोठी बसवता येते. मोबाइलमध्ये मात्र ती मदरबोर्डवर, बहुधा प्रोसेसरच्याच डोक्यावर, डाग देऊन पक्की केलेली असते. पडदा, बॅटरी, चार्जिंगचा सॉकेट, स्पीकर हे भाग बदलता येतात. पण यंत्राची मूळ ताकद वाढवणे ग्राहकाच्या हाती नाही. एक भाग अपुरा पडला की सबंध यंत्र निकालात.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे : ग्राहकालाच पातळ, हलके आणि वेगवान यंत्र हवे असते. यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. प्रोसेसर व रॅम जवळ असल्याने वेग वाढतो, वीज वाचते. सुट्या भागांचा मोबाइल बनवण्याची गूगलची योजना २०१६मध्ये गुंडाळली गेली. परंतु बॅटरी गोंदाने चिकटवणे, बाहेरचा सुटा भाग सॉफ्टवेअरने नाकारणे, यांना तंत्रविज्ञानाची अपरिहार्यता म्हणता येणार नाही. ॲमस्टरडॅमची फेअरफोन ही छोटी कंपनी २०१५पासून ग्राहकाला स्वतः उघडता येतील असे मोबाइल विकत आली आहे. आणि १९२४मध्ये विजेच्या दिव्यांच्या बड्या उत्पादकांनी संगनमत करून दिव्याचे आयुष्य १००० तासांवर आणले, हा इतिहास जुना असला तरी त्यामागील अर्थशास्त्र जुने झालेले नाही. वस्तू टिकली तर विक्री खुंटते.

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड या जंगलपट्ट्यातील गावी या अर्थशास्त्राचा अर्थ काय होतो? धानाच्या पिकाची नोंद ‘ई-पीक पाहणी’ ॲपवर, बालकाच्या वजनाची नोंद ‘पोषण ट्रॅकर’वर. मोबाइल ही आता चैन राहिलेली नाही, शासनाच्या दारी उभे राहण्याची ती अट बनली आहे. सायकल किंवा डिझेल पंप बिघडला तर गावातला कारागीर तो उघडतो. कारण सुटे भाग मिळतात आणि यंत्राचे ज्ञान कोणी कुलपात ठेवलेले नसते. मोबाइलने हाच गावकारागीर निकामी करून टाकला आहे. १९५२च्या पचमढी अधिवेशनात डॉ. लोहियांनी लघुयंत्राचा आग्रह धरला, तेव्हा माणसाच्या आवाक्यातील यंत्र त्यांना अभिप्रेत होते. मोबाइल मुठीत मावतो, पण तो आवाक्यात नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली व त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल उघडले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. युरोपीय संघात २० जून २०२५पासून नव्या नियमांनी कंपन्यांवर बंधन घातले आहे : मोबाइलची विक्री थांबल्यानंतरही ७ वर्षे महत्त्वाचे सुटे भाग पुरवावेच लागतील. जी वस्तू ॲमस्टरडॅमच्या ग्राहकासाठी दुरुस्त होऊ शकते, ती चिचगडच्या सेविकेसाठी का होऊ नये?

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. शासकीय खरेदीच्या निविदेतच सुट्या भागांची व तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीची अट असावी. दुरुस्तीची माहितीपत्रके खुली करण्याची सक्ती कायद्याने व्हावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आदिवासी तरुणांना हे काम शिकवले जावे. आणि यंत्र बंद पडले म्हणून कोणाही सेविकेचे मानधन कापले जाऊ नये.

उत्पादनाच्या साधनांवर मालकी कोणाची, हा समाजवादाचा जुना प्रश्न आहे. पैसे मोजून घेतलेल्या साधनाचीही मालकी मिळत नसेल, तर तोच प्रश्न आता गावोगावच्या माणसाच्या खिशात येऊन बसला आहे, हे कार्यकर्त्यांनी ओळखले पाहिजे.